घार वाळूत जिरली

टांग्यातून उधळलेला पिवळा कागद गणपतरावांच्या खांद्यावर आपटून पायाशी पडला, तेव्हा तो उचलण्याचे त्यांना खरे म्हणजे काही कारण नव्हते. पण छापील अक्षर पायदळी गेलेले त्यांना पाहवत नसे आणि न वाचता सोडवतही नसे. नागपूरच्या सेक्रेटरिएटात ट्रान्सलेटर म्हणून वीस वर्षे काढलेल्या माणसाला ही खोड जडतेच. पुडीचा कागदसुद्धा तो आधी वाचतो आणि मग दाणे खातो. ताशा वाजवीत टांगा बर्डीच्या दिशेने निघून गेला होता, धुरळा अजून खाली बसायचा होता, आणि त्या धुरळ्यातच उभे राहून गणपतरावांनी कागद सरळ केला. ‘येत्या शनिवारपासून! लहानथोरांचे आवडते पुस्तक चंदनाची अरण्ययात्रा आता बोलक्या पडद्यावर! निबिड अरण्य! खराखुरा वाघ! आणि चंदनाची जिवाभावाची सोबतीण, डोंगरावरून उतरणारी शुभ्र धार!’ शेवटच्या शब्दाशी ते थबकले, मग हसले. कोटाच्या खिशातून पेन्सिल काढून त्यांनी ‘धार’मधला ध खोडला, वर नीट घ काढला, सवयीने समासात एक बारीक फुली केली आणि कागदाची घडी घालून खिशात टाकली. छापखान्यातल्या कोणा झोपाळू माणसाची चूक, दुसरे काय? पण चार पावले गेल्यावर त्यांच्या मनात आले की जाहिरात छापतानाच ही तऱ्हा, तर आत पडद्यावर त्या बिचारीचे काय केले असेल?

ती बिचारी म्हणजे घार. बोलपट निघणार अशी बातमी चार महिन्यांपूर्वी वर्तमानपत्रात आली, तेव्हापासून गणपतरावांना चैन नव्हते. एकेचाळीस वर्षांच्या, दोन मुलींच्या बापाने, ज्याच्या सहीखाली सरकारी तर्जुमे साहेबापुढे जातात अशा माणसाने, एका पोरवयातल्या पुस्तकापायी असे झुरावे हे त्यांचे त्यांनाही हास्यास्पद वाटे. पण वाटे ते वाटेच. चंदनाचे त्यांना काही नव्हते. चंदन कोणीही होऊ शकतो, कुरळ्या केसांचा एखादा पोरगा कंपनीत असेलच. वाघ सर्कशीतून येईल. पण घार? जिवंत घार शिकवता येते का? की कापसाची करून तारेने नाचवतील? आणि बोलणार कोणाच्या आवाजात? हल्ली बोलपटात जो येतो तो गातो. उद्या घारीला पेटीवर गायला लावले तर? त्यांनी कंपनीला एक पत्रही लिहून ठेवले होते. ‘सविनय निवेदन की सदरहू घारीचा आवाज मानवी असू नये, असल्यास वृद्ध स्त्रीचा असावा.’ ते पत्र त्यांनी चार वेळा सुधारले आणि टाकले मात्र नाही.

महालातल्या घराकडे चालताना त्यांच्या डोळ्यांपुढे आजचे नागपूर नव्हतेच. होते ते कोष्टीपुऱ्यातले कवडूच्या बापाचे ठेंगणे घर, आत मातीच्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला बाप, आणि दाराशी चरख्यावर कांड्या भरीत, म्हणजे बारीक नळ्यांवर सूत गुंडाळीत बसलेला त्यांच्याच वयाचा कवडू. कवडू शाळेत आला तो जेमतेम एक वर्ष. मग बापाला हात हवा झाला आणि त्याची पाटी सुटली. पण गणपतची आणि त्याची गट्टी सुटली नाही. गणपतला बक्षीस मिळालेले ते पुस्तक, पुण्याकडे कुठेतरी छापलेले, कागद जाडाभरडा, चित्र एकच आणि तेही मुखपृष्ठावरच्या डोंगराचे. ते घेऊन गणपत रोज शाळा सुटल्यावर कवडूच्या ओट्यावर बसे आणि मागाच्या खटक-खटकवर आवाज चढवून वाची. ‘दूर आकाशात एक घार घिरट्या घालीत होती.’ आणि पान उलटले की, ‘डोंगराच्या खांद्यावरून ती शुभ्र, बारीक घार खाली उतरली व चंदनाच्या पायांपाशी येऊन थांबली.’ कवडूचा चरखा तिथे थांबे. शुभ्र घार कोणी पाहिली आहे? शुक्रवार तलावावर फिरणाऱ्या घारी तर मातकट, चांगल्या गुबगुबीत. ही बारीक, पांढरी, म्हणजे काही वेगळीच. ‘तहान लागली म्हणजे चंदन तिच्यापाशी बसे.’ म्हणजे ती चोचीतून पाणी आणीत असणार, दोघांचे ठरून गेले. ‘त्याने तिला ओंजळीत घेऊन कपाळी लाविले.’ इथे कवडू हातातली नळी ठेवून स्वतःची ओंजळ करून पाही आणि म्हणे, “मावते गा. बारीक आहे ना ते. मावते.”

आणि मग ते वाक्य. शेवटून तिसऱ्या पानावर, अरण्य संपते आणि नदीचे कोरडे पात्र लागते तिथे. ‘येथवर सोबत करून घार वाळूत जिरली.’ या वाक्याने त्या दोघांना जेवढे छळले तेवढे पुढच्या आयुष्यात कशानेही छळले नाही. पाणी जिरते, हे कोणालाही ठाऊक आहे. अंगात तूप जिरते. एखाद्याची खोड जिरते. घार कशी जिरेल? कवडूचे म्हणणे ती मेली. गणपतचे म्हणणे, मेली तर मेली असे लिहिले असते, पुण्याच्या लोकांना काय शब्दांची वाण आहे? तिकडच्या भाषेत घारी जिरत असतील. पुस्तकातली भाषा ही त्यांच्या लेखी एक दुसरा मुलूखच होता. तिथे लोक ‘मले’ म्हणत नसत, ‘काहून’ म्हणत नसत, तिथे पोट्टे नसत, बालके असत, मग घार जिरली तर त्यात नवल ते काय? शेवटी एकदा नाग नदीच्या काठी त्यांना एक मेलेली घार सापडली. दोघांनी तिला वाळूत पुरले, वर एरंडाचे पान ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उकरून पाहिले तर घार नव्हती. कुत्र्याने नेली असेल, हे आज कळते. तेव्हा दोघांनी आजूबाजूची सारी वाळू उपसून पाहिली होती. शब्दाच्या पोटात आपल्याला न दिसणारे काहीतरी असते, ही गोष्ट गणपतला त्या वाळूत कळली. पुढे तो भाषांच्या धंद्यात पडला, मोडी शिकला, इंग्रजी घोकली, सरकारी नोकरीत चिकटला, त्या सगळ्याच्या मुळाशी ते वाक्य होते. शेकडो अर्ज, तक्रारी, कबुलीजबाब त्यांनी इंग्रजीत घातले. ते एक वाक्य मात्र कधी घालता आले नाही. अधूनमधून, साहेब दौऱ्यावर असला की, ते कोऱ्या कागदावर प्रयत्न करीत आणि कागद फाडून टाकीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र आले. तिसऱ्या पानावर चौकट. ‘शुभ्र धार.’ पुन्हा ध. गणपतरावांनी खिशातला पिवळा कागद काढून शेजारी ठेवला. दोन वेगवेगळे छापखाने, दोन वेगवेगळे झोपाळू लोक, आणि एकच चूक? याच प्रकारच्या चुकीवरून त्यांनी सहा वर्षांपूर्वी ऑफिसातल्या बाबारावांना चारचौघांत धारेवर धरले होते. ‘माल रवाना झाला’ यातले ‘रवाना’ बाबारावांनी ‘खाना’ वाचले आणि साहेबापुढे गेलेल्या कागदात सगळा माल खाऊन टाकला गेला. गणपतरावांनी तो किस्सा इतक्या वेळा, इतक्या रंगात सांगितला होता की बिचाऱ्या बाबारावांनी डबा उघडला तरी लोक विचारीत, काय, रवाना का? आज तो किस्सा आठवला आणि गणपतरावांना पहिल्यांदा हसू आले नाही.

“अगं, ते चंदनाचं पुस्तक तू लहानपणी वाचलं होतंस ना?” त्यांनी पत्नीला, सुमतीबाईंना, विचारले. त्या चुलीपुढे भाकरी थापीत होत्या.

“वाचलं होतं की. यवतमाळला, मामांकडे.”

“त्यात त्याच्या सोबतीला कोण असतं?”

“पाणी. डोंगरावरून येतं ते. गोड बोलतं त्याच्याशी.” त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. “का हो?”

“घार नाही?”

“घार कशाला असेल? घार पोरं उचलून नेते,” सुमतीबाई म्हणाल्या आणि भाकरीला पाणी लावू लागल्या.

सतरा वर्षे एका घरात राहून आपण या बाईशी त्या पुस्तकाबद्दल कधी बोललो नाही, हे त्यांना त्या क्षणी कळले. का बोललो नाही? कारण ते पुस्तक आपले आणि कवडूचे, अशी काहीशी समजूत. ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते बर्डीवरच्या वाचनालयात गेले. तिथले वामनराव ओळखीचे, त्यांनी कपाट उघडून दिले. नवी आवृत्ती, गुळगुळीत कागद, टपोरा ठसा. गणपतरावांनी ती खिडकीशी नेली. ‘दूर आकाशात एक घार घिरट्या घालीत होती.’ होती! घार होती! त्यांना असा आनंद झाला की ते मोठ्याने “हं!” म्हणाले आणि वामनरावांनी चष्म्यावरून पाहिले. मग त्यांनी पान उलटले. ‘डोंगराच्या खांद्यावरून ती शुभ्र, बारीक धार खाली उतरली.’ ध. उघड्या डोक्याचा, स्वच्छ, सरकारी गॅझेटात शोभेल असा ध. त्यांनी बोट ठेवून पुढे वाचले. धार. धारेने. धारेच्या काठी. काठी! घारीला काठ कुठून आला, हे आपल्याला तेव्हा का सुचले नाही? आणि ‘धारेने’. घार असती तर ‘घारीने’ झाले असते, हे व्याकरण दुसऱ्या यत्तेतल्या पोरालाही येते. ते लहानग्या गणपतलाही येत होते. पण त्याने प्रत्येक वेळी ‘घारेने’ वाचले होते आणि पुण्याकडे तसे म्हणत असतील, असे मनाशी ठरवून तो पुढे गेला होता. जिथे जिथे अक्षर आडवे आले तिथे तिथे त्याने ते पुणेकरांच्या माथी मारले होते.

मग त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. पुस्तक पहिल्या पानापासून बोट फिरवीत चाळले आणि ‘पंख’ हा शब्द शोधला. नव्हता. ‘चोच’ शोधला. नव्हता. म्हणजे रात्री चंदनाच्या उशाशी पंख मिटून बसणारी, चोचीने त्याच्या केसांतले गवत काढणारी, ती कुठे होती? ‘रात्रभर ती त्याच्या उशाशी हळू हळू बोलत होती,’ एवढेच तिथे होते. बाकीचे त्या ओट्यावर, मागाच्या खडखडाटात, एक नऊ वर्षांचा मुलगा पुस्तकातून वाचीत असल्यासारखा पढत गेला होता आणि आपण वाचतो आहोत अशीच त्याची प्रामाणिक समजूत होती. शेवटून तिसरे पान त्यांनी सर्वांत शेवटी उघडले. ‘येथवर सोबत करून धार वाळूत जिरली.’ इतकेच. पाणी वाळूत जिरले. उन्हाळ्यात कोणत्याही नदीत जाऊन पाहावे. ज्या वाक्यासाठी आपण आयुष्याची दिशा ठरवली ते जगातले सर्वांत साधे वाक्य निघावे! गणपतराव खिडकीशी बसून राहिले. एका अर्थाने आज चांगलीच जिरली होती, आणि ती त्यांची. त्यांना वाईट वाटले, फार वाटले, अगदी घरातले माणूस गेल्यासारखे. आणि गंमत म्हणजे त्या वाईट वाटण्याच्या बुडाशी एक कुतूहल टक्क जागे होते, खोडकर पोरासारखे. आणखी काय काय वाचले असेल आपण असे? बापाच्या शेवटच्या पत्रात ‘तुझा राग नाही’ होते की ‘तुझा राग आहे’? लग्नाआधी सुमतीच्या मामांनी लिहिले होते, मुलगी ‘शांत’ आहे. तो शब्द तरी शांतच होता ना? वाचनालयातून बाहेर पडून रस्त्यावरच्या पाट्या वाचीत, प्रत्येक अक्षराला नव्याने डोळा देत ते चालू लागले. सारे गाव आज कोणी नव्याने छापल्यासारखे वाटत होते.

इतवारीच्या वळणावर मात्र त्यांचा पाय अडखळला. कवडू. इतका वेळ त्यांनी कवडूचा विचार मनाच्या मागच्या दाराशी बसवून ठेवला होता. आता तो थेट पुढे आला. कवडूचा बाप गेला, माग विकला, कवडूने इतवारीत लुगड्यांची पेढी टाकली आणि नाव काढले. त्याच्या प्रत्येक लुगड्याच्या घडीवर एक कागदी तिकीट चिकटवलेले असे, त्यावर पंख पसरलेली पांढरी घार. ‘पांढरी घार छाप’ लुगडे म्हणजे रंग जाणार नाही, असे वर्ध्यापर्यंतच्या बाया सांगत. आलेल्या गिऱ्हाइकाला कवडू आधी पाणी देई, मग घारीची गोष्ट सांगे, मग लुगडे दाखवी. बाप मेला त्या वर्षी वाडीहून नागपूरपर्यंत खांद्यावर सुताचे ओझे घेऊन तो एकटा चालत आला होता. “डोक्यावर घार होती गा माह्या, साऱ्या रस्त्यानं,” तो सांगे. आणि हे सगळे एका बारक्या पोराने एक अक्षर चुकीचे वाचले म्हणून. सांगायला हवे. खेळ पाहायच्या आत सांगायला हवे. भर टॉकीजमध्ये, सगळ्यांदेखत त्याला कळू देणे हा मोठा दगा होईल. हे गणपतरावांना इतके स्पष्ट दिसत होते की ते जवळजवळ धावतच पेढीवर चढले.

“ये गा गणपत!” कवडू गादीवरून अर्धा उठला. आता तो स्थूल झाला होता, कानात भिकबाळी होती. “तुलेच बलावणं धाडून राहिलो होतो. आयतवारी दुपारचा खेळ. साऱ्या गल्लीले घेऊन चाललो. म्हटलं, चला, आपली घार पाहून या.”

“कवडू, सिनेमावाले बदलवतात गा. पुस्तकातलं सारंच नसते दाखवत ते.”

“बदलवू दे ना. वाघ नाही दाखवला तं नाही दाखवला. पण घार कशी बदलवतीन? घार नाही तं मंग त्याच्यात आहे काय?”

गणपतराव सांगणार होते. शब्द जिभेवर होते. पण कवडूने हाक मारली, “प्रेमलता! पोथी आण वं ते,” आणि आतून त्याची दहा वर्षांची मुलगी लाल फडक्यात बांधलेले काहीतरी घेऊन आली. फडके सोडले तर तेच पुस्तक, गणपतने केव्हाच कवडूला देऊन टाकलेले. कोपऱ्यांवर हळदकुंकू, कारण दसऱ्याला कवडू ते मापाच्या गजासोबत पूजेत मांडी. गणपतरावांनी पान काढले आणि अक्षर डोळ्यांजवळ नेले. तो घ नव्हता. धही नव्हता. जाड्याभरड्या कागदावर शाई पसरून अक्षराच्या पोटात आणि डोक्यावर साचली होती, आणि तो नुसता एक काळा ठिपका होता, शेपटी असलेला. ज्याला जे हवे ते त्याने वाचावे.

“हे वाच पाहू,” त्यांनी प्रेमलतेपुढे पान धरले.

“घार,” ती फारसे न पाहताच म्हणाली. “मी दोनदा वाचलं काकाजी, सारं पुस्तक. शाळेत बाईले पण सांगतलं.”

“हुशार आहे पोट्टी,” कवडू म्हणाला आणि त्याने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. गणपतराव पुस्तक मिटून, फडक्याची गाठ नीट बांधून परत आले. आपण भित्रे आहोत, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःपाशी कबूल केले.

रविवारी कवडूची गल्ली खरोखरच लोटली होती. बाया बायांच्या बाजूला बसल्या, सुमतीबाई त्यांच्यात, आणि पुरुषांच्या रांगेत मधोमध कवडू, एका बाजूला प्रेमलता, दुसऱ्या बाजूला गणपतराव. मागच्या दोन रांगा सगळ्या कोष्टीपुऱ्याच्या. दिवे गेले. पडद्यावर डोंगर आला, मग आकाश, आणि त्या आकाशात, अगदी वरच्या कोपऱ्यात, एक काळा ठिपका फिरू लागला.

“आली!” मागून कोणीतरी ओरडले. “कवडूभाऊची घार आली!” टाळ्या पडल्या, शिट्टी वाजली. कवडूने गणपतरावांची मांडी गच्च दाबली. घारीने एक घिरटी घातली, दुसरी घातली आणि ती पडद्याच्या कडेबाहेर निघून गेली. मग डोंगराच्या खांद्यावरून पाण्याची एक पांढरी, बारीक धार उतरली, चंदनाच्या पायांपाशी आली आणि एका स्त्रीच्या नितळ आवाजात बोलू लागली. फार सुंदर होते ते. गणपतरावांना हे स्वतःशी मान्य करावेच लागले. कंपनीने काही बिघडवले नव्हते. पुस्तकात लिहिले होते तसेच, शब्दाला शब्द, केले होते. इतका अचूक तर्जुमा त्यांनीही कधी केला नसता. चंदन चालू लागला, धार चालू लागली, आणि गणपतरावांनी तिरक्या नजरेने शेजारी पाहिले. कवडू धारेकडे पाहतच नव्हता. मान थोडी वर करून तो पडद्याच्या वरच्या कडेकडे पाहत होता, जिथून घार गेली होती तिथे. चंदन झोपला तरी तो तिथेच पाहत होता. वाघ आला, पोरे किंचाळली, तरी तिथेच. ते गणपतरावांना सोसवेना.

“कवडू,” ते त्याच्या कानाशी म्हणाले, “घार नाही येणार.”

“थांब गा. आली होती ना आता. येते.”

“नाही येत. पुस्तकातच नाही ते. हे धार आहे ना, पाण्याची, हेच लिहून आहे त्याच्यात. मी चुकीचं वाचलं. तेव्हापासून.”

पडद्याचा उजेड कवडूच्या भिकबाळीवर चमकत होता. याने आता उठून जावे, शिव्या द्याव्यात, गल्लीसमोर आपला पाणउतारा करावा, काहीही करावे, पण बोलावे, असे गणपतरावांना झाले.

“तू चुकला?” कवडूने अखेर विचारले.

“हाव.”

“म्हणजे पुस्तकवाल्यानं घार लिहिलीच नाही?”

“नाही.”

“अन् ते पंख मिटून उशाशी बसे? ते केसातलं गवत काढे?”

“ते पण नाही. कुठंच नाही. मी शोधलं.”

“मंग ते आली कुठून?”

वीस वर्षे गणपतरावांनी दुसऱ्यांचे शब्द इकडचे तिकडे नेले होते, आपला म्हणून एक शब्द कुठे ठेवला नव्हता, आणि या प्रश्नाचे जे उत्तर होते ते उच्चारायची त्यांना लाज वाटत होती. “माझ्यापासूनच,” ते पुटपुटले, “मीच सांगत गेलो असन.”

कवडूने आता पडद्यावरून मान खाली आणली आणि अंधारात त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिले. “मले सारी जिंदगी वाटलं,” तो सावकाश म्हणाला, “का पुण्याच्या कोण्या मोठ्या माणसाची होय ते. म्हटलं, आपण गरीब, वापरून घेऊ त्याची. अन् ते तुही होती?” मग तो मुलीकडे वळला. “प्रेमलता, तिकडं नको पाहू वं. ते दुसरी गोष्ट आहे. आपली काकाजीपाशी आहे.”

प्रेमलता खुर्चीत गुडघ्यांवर वळून पडद्याकडे अर्धी पाठ करून बसली. “मंग काकाजी, वाघ आल्यावर घार काय करते?”

वाघ आल्यावर घार काय करते? पुस्तकात त्या जागी काय होते ते गणपतरावांना आता पाठ होते, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांनी घसा साफ केला. पुढे काय येणार हे त्यांना स्वतःलाच माहीत नव्हते, आणि ते कळावे म्हणून त्यांचा जीव उत्सुक झाला होता. “घार,” ते मुलीच्या कानाशी कुजबुजले, “वाघाच्या पाठीवर जाऊन बसली. अगदी हळू. त्याला कळलंच नाही.”

पडद्यावर धार गाऊ लागली होती. मागच्या रांगेतली डोकी एकेक करून पुढे झुकली, आणि कवडूने गणपतरावांना कोपराने ढोसले.

“जरा जोरानं सांग गा,” तो म्हणाला. “मागच्याईले ऐकू येऊन नाही राहिलं.”